झोन ७, एच-४ आणि पुण्याची आठ डिग्री: झाड किती थंडी सोसेल हे ठरवायचं कसं?

परसदार (एडिसन, न्यू जर्सी)

मंडळी, कुठे किती थंडी पडते हे दाखवणाऱ्या अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशावर आमचा पिनकोड झोन ७ए मध्ये येतो. नर्सरीतून 'ब्राउन टर्की' अंजीर आणलंय, त्याच्या पट्टीवर 'झोन ७ ते १०' छापलंय. इंग्लंडमध्ये बहिणीकडेही हेच अंजीर आहे. तिथल्या पट्टीवर 'एच-४', म्हणजे उणे ५ ते उणे १० सेल्सिअसपर्यंत सोसणारं. झोन ७ ची खालची हद्द मात्र उणे १७.८. जात एक, झाड तेच, मग सात-आठ डिग्रीचा फरक कुठून आला?

दुसरा गोंधळ पुण्याचा. तिथे पारा आठवर उतरला की केळीची पानं पिवळी पडतात, आणि या नकाशाच्या मोजणीत पुणे झोन ११, म्हणजे थंडी जवळपास नाहीच. मग हा आकडा नक्की काय मोजतो?

कामाचा प्रश्न असा: अंजीर, कढीपत्ता, मोगरा आणि मेयर लिंबू, चारही कुंड्यांत आहेत. बाहेर काय ठेवायचं, आत काय घ्यायचं, आणि कधी?

---

मातीखत (फिलाडेल्फियाजवळ)

झोनच्या आकड्यात वर्षातल्या एकाच रात्रीचा हिशोब असतो. त्या वर्षीची सर्वांत थंड रात्र घ्यायची, तिचं किमान तापमान लिहून ठेवायचं. अशा तीस वर्षांच्या तीस नोंदींची सरासरी काढली की झोन मिळतो. सध्याचा नकाशा २०२३ चा आहे आणि तो १९९१ ते २०२० या वर्षांवर बेतलेला आहे. त्याआधीचा २०१२ चा नकाशा १९७६ ते २००५ वर होता. एकूण १३ झोन. प्रत्येक झोन १० फॅरनहाइटचा, म्हणजे ५.६ सेल्सिअसचा, आणि त्याचे ए-बी असे दोन भाग. तुमच्या ७ए ची हद्द उणे १७.८ ते उणे १५.

यातला 'सरासरी' हा शब्द नजरेतून सुटता कामा नये. सरासरी उणे १६ असेल, तर काही वर्षं पारा उणे ११ वरच थांबतो आणि एखाद्या वर्षी उणे २१ ला जातो. म्हणून दोन-चार वर्षांसाठीचं फुलझाड घेताना झोन ७ ची पट्टी चालेल, पण वीस वर्षांसाठी लावायचं झाड निदान झोन ६ सोसणारं घ्यावं.

आकड्यात न येणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. थंडी किती वेळ टिकली, ही पहिली. पहाटे दोन तास उणे ९ आणि सलग चार दिवस उणे ९ यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वेळी जमीन आतपर्यंत गोठते आणि जाड खोडाच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात नेमकं तेच झालं. डॅलसला पारा उणे १९ च्या आसपास उतरला आणि कित्येक दिवस शून्याच्या वर आलाच नाही. 'आमच्या झोनला चालतं' म्हणून लावलेली झाडं बुंध्यापर्यंत गेली.

दुसरी गोष्ट, थंडी कधी आली. झाड उणे १५ सोसतं असं म्हणतात ते जानेवारीतल्या, पूर्ण तयार झालेल्या झाडाबद्दल. दिवस लहान होत जातात, रात्री हळूहळू गार होतात, तसं पेशींमधलं पाणी बाहेर सरकतं, आत साखर साठते, आणि बर्फ झालाच तर तो पेशींच्या मधल्या जागेत होतो, पेशीच्या आत होत नाही. या तयारीला सहा ते आठ आठवडे लागतात. तेच झाड ऑक्टोबरच्या अखेरीस अचानक आलेल्या उणे ७ ला जळू शकतं. जानेवारीत दहा दिवस ऊब पडली की ही तयारी उलटते आणि नंतरच्या थंडीत कळ्या मरतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यू इंग्लंडचं पीचचं पीक असंच गेलं.

यावरून एक काम ठरतं: जुलैअखेरनंतर नत्राचं खत बंद. ऑगस्टमध्ये युरिया किंवा कोंबडीखत दिलं की कोवळी फूट येते, ती लाकडासारखी पक्की व्हायला वेळ मिळत नाही, आणि पहिल्या फ्रॉस्टमध्ये, म्हणजे हिमकण पडतात त्या रात्री, काळी पडते.

आता कुंड्या. झोनची पट्टी जमिनीतल्या झाडासाठी असते. जमिनीत मुळांना माती सांभाळते. हवा उणे १५ असली तरी वीत-दीड वीत खाली शून्याच्या थोडं खाली एवढंच असतं. कुंडीत मुळं चारी बाजूंनी हवेत उघडी असतात, आणि मुळांना फांद्यांइतकी थंडी कधीच सोसत नाही. म्हणून कुंडीतल्या झाडासाठी दोन झोनची सूट धरायची: झोन ७ मध्ये बाहेर ठेवायचं असेल तर झाड झोन ५ सोसणारं हवं. तुमच्या चारांपैकी एकही त्यात बसत नाही.

अंजीर: पानं आपोआप गळू द्या. दोन-तीन हलके फ्रॉस्ट लागू द्या, त्यानं झाड नीट झोपतं. मग न तापवलेल्या गॅरेजमध्ये, जिथे उणे ३ ते ७ च्या मध्ये राहील अशा जागी. पानं नाहीत, त्यामुळे उजेड नसला तरी चालतं. दर तीन-चार आठवड्यांनी कपभर पाणी, माती भुसभुशीत कोरडी होऊ नये इतकंच. जास्त पाणी दिलं तर मुळं कुजतात, आणि अंजीर मरण्याचं हे कारण थंडीपेक्षाही जास्त दिसतं. एप्रिलमध्ये बाहेर काढा, पण कळी फुटून हिरवं टोक दिसत असेल तर फ्रॉस्टच्या रात्री पुन्हा आत. हिरवं टोक उणे १-२ लाही जळतं.

जमिनीत लावलंत तर नोव्हेंबरअखेर फांद्या सुतळीने एकत्र बांधा, भोवती कोंबडीच्या जाळीचा पिंजरा करा, त्यात वाळलेली पानं दाबून भरा, वरून पाऊस जाणार नाही असं झाकण. बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळू नका. दिवसा उन्हाने आत तापतं, फांद्या जाग्या होतात आणि रात्री मरतात.

कढीपत्ता: रात्रीचं तापमान १२ ला टेकलं की आत घ्या, आपल्याकडे ते सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतं. पहिल्या फ्रॉस्टची वाट बघू नका. आणायच्या आधी तीन आठवडे, आठवड्यातून एकदा, पानांच्या खालून जोराच्या पाण्याने धुवा आणि लिटरला ५ मिली नीम तेल व २ मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. लाल कोळी आणि खवले कीड घरात कोरड्या हवेत झपाट्याने वाढतात, आणि तेव्हा आवरणं कठीण जातं. दक्षिणेची खिडकी किंवा १२ ते १४ तास एलईडी. डिसेंबरमध्ये खालची पानं पिवळी पडून गळतात, ती विश्रांती आहे. त्या वेळी खत आणि पाणी वाढवणं ही नेहमीची चूक. बोटाची दोन पेरं माती कोरडी झाल्यावरच पाणी. छाटणी मार्चमध्ये, बाहेर मेच्या मध्यानंतर, आणि आधी आठवडाभर सावलीत.

मोगऱ्याला तिसरा हिस्सा छाटून १२ ते १५ डिग्रीची उजेडाची खोली द्या.

मेयर लिंबू थोडा वेळ उणे ३-४ सोसतं, पण त्याची अडचण वेगळी आहे. मुळांचं तापमान १२-१३ च्या खाली गेलं की ती पाणी ओढणं जवळजवळ थांबवतात. कुंडी गार फरशीवर आणि पानांवर खिडकीतलं ऊन, असं झालं की पान पाणी मागतं, मूळ देत नाही, आणि आठवड्यात झाड बोडकं होतं. कुंडीखाली लाकडी फळी किंवा थर्माकोल ठेवा. नाहीतर ऊनच कमी करा.

---

ओली_माती (रेडिंग, इंग्लंड)

एच-४ चं सांगते. झोन हा जागेचा असतो, एच हा झाडाचा. तुमचं अंगण 'झोन ७' असू शकतं, पण कुणाचंही अंगण 'एच-४' नसतं. आणि दोन्ही मोजण्या उलट्या चालतात: झोनचा आकडा वाढला की जागा उबदार, एचचा वाढला की झाड काटक.

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची ही श्रेणी २०१२ पासूनची. एच-१ए म्हणजे १५ च्या वर तापवलेलं काचघर लागणारं, एच-२ ला १ ते ५, एच-३ ला १ ते उणे ५, एच-४ ला उणे ५ ते उणे १०, एच-५ ला उणे १० ते उणे १५, एच-६ ला उणे १५ ते उणे २०, आणि एच-७ त्याखाली. नुसते आकडे जुळवले तर एच-४ म्हणजे साधारण ८बी ते ९ए, एच-५ म्हणजे ७बी ते ८ए, एच-६ म्हणजे ६बी ते ७ए.

आणि तरीही 'ब्राउन टर्की'ला इथे एच-४ आणि तिकडे झोन ७, याचं कारण उन्हाळ्यात आहे. न्यू जर्सीत जुलै-ऑगस्टमध्ये ३० च्या वरचे दिवस ओळीने येतात. फांदी पक्की होते, साखर भरपूर साठते, आणि मग ती जास्त थंडी सोसते. इथला उन्हाळा बहुतेक २२-२३ डिग्रीचा. फांद्यांची टोकं ऑक्टोबरमध्येही हिरवी, लुसलुशीत असतात. इथली पट्टी ब्रिटिश हवामानात झाड कसं वागतं यावरून दिलेली असते, म्हणून ती सावध आहे. दोन्ही पट्ट्या आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती एका देशाची पट्टी दुसऱ्या देशात वाचताना.

सिॲटल आणि उत्तर फ्लोरिडातलं गेन्सविल, दोन्ही झोन ९ए. एकीकडे भेंडीला फूल येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, दुसरीकडे ट्यूलिपला पुरेशी थंडी मिळत नाही. उन्हाळ्यासाठी अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीचा वेगळा नकाशा आहे. त्यात वर्षात ३० सेल्सिअसच्या वर गेलेले दिवस मोजून १२ भाग पाडलेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत.

आमच्याकडे थंडीपेक्षा ओल मारते. लॅव्हेंडर, रोझमेरी, घायपात ही सगळी कोरड्या मातीत उणे ७-८ आरामात काढतात, पण नोव्हेंबर ते मार्च चिकणमातीत पाय बुडवून ठेवले तर उणे २ लाही जातात. झाड उपटून बघितलं की कळतं: मूळ तपकिरी, साल बोटाने निसटते, वास येतो. थंडीने मेलेलं असेल तर मूळ पांढरं आणि वरच्या फांद्या काळ्या. उपाय म्हणजे २० ते ३० सेंटीमीटर उंच वाफा आणि मातीत निदान तिसरा हिस्सा जाड खडी. बारीक वाळू घालू नका, चिकणमातीत ती विटेसारखी बसते.

---

चिनूक (कॅलगरी, कॅनडा)

एक भर. कॅनडाचा स्वतःचा नकाशा आहे, १९६७ पासूनचा, आणि तो एका रात्रीवर थांबत नाही. त्यात सात गोष्टी धरतात: सर्वांत थंड महिन्याचं सरासरी किमान, फ्रॉस्ट नसलेले दिवस, जून ते नोव्हेंबरचा पाऊस, सर्वांत उष्ण महिन्याचं सरासरी कमाल, जानेवारीचा पाऊस आणि थंडी मिळून काढलेला एक अंक, बर्फाचा जास्तीत जास्त थर, आणि तीस वर्षांतला वाऱ्याचा सर्वांत मोठा झोत. म्हणून कॅनडाचा झोन ५ आणि अमेरिकेचा झोन ५ एक धरू नका. सरकारी संकेतस्थळावर एकाच गावाचे दोन्ही आकडे मिळतात. पट्टी कुठल्या देशात छापली आहे ते बघून त्या आकड्याशी ताडा.

बर्फ त्यात का धरलाय हे इथे दिसतं. भुसभुशीत बर्फाचा फूटभर थर म्हणजे गोधडी. वर हवा उणे ३० असताना खाली जमिनीलगत शून्याच्या थोडं खाली असतं. पण इथे हिवाळ्यात चिनूकचा उबदार वारा सुटतो, काही तासांत तापमान १५-२० डिग्री चढतं, बर्फ वितळून जातो, आणि दोन दिवसांनी उघड्या जमिनीवर पुन्हा उणे २५. म्हणून बहुवर्षायू फुलझाडं घराच्या उत्तर-पूर्व बाजूला लावतात, तिथे बर्फ टिकतो. दक्षिणेची उबदार भिंत बरी वाटते, पण झाड तिथेच जास्त वेळा जागं होतं आणि तिथेच मरतं.

सदाहरित झाडं मार्चमध्ये तपकिरी होतात ती थंडीने नाही, तहानेने. जमीन गोठलेली, वर ऊन आणि वारा; पान पाणी सोडतं आणि मूळ देऊ शकत नाही. जमीन गोठेपर्यंत दर आठवड्याला खोल पाणी, आणि नैऋत्येला खुंट्या रोवून गोणपाटाचा आडोसा, झाडाला न चिकटवता. कोवळ्या खोडाला त्याच बाजूने पांढरी पट्टी गुंडाळा, नाहीतर दुपारी तापलेली साल रात्री उभी चिरते.

ऑस्ट्रेलियाची मोजणी आणखी वेगळी, हे मेलबर्नवाल्यांसाठी. तिथे कॅनबेराच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानाने १९९१ मध्ये सातच झोन पाडले, प्रत्येकी ५ सेल्सिअसचे. त्यांचा झोन ३ म्हणजे उणे ५ ते ०, अमेरिकेच्या साधारण ९ बी-१०ए इतका. तिकडचं 'झोन ३' वाचून कॅलगरीत झाड लावलं तर पहिल्याच हिवाळ्यात जाईल.

---

मळेकरी (निफाड)

पुण्याच्या आठ डिग्रीबद्दल. वर जी चर्चा झाली ती गोठण्याची. आपल्याकडे होतं ते गारठणं, आणि ती इजा वेगळी. गोठताना पेशीत बर्फ होऊन ती फाटते. केळी, पपई, हळद या उष्ण प्रदेशातल्या पिकांना १०-१२ च्या खालीच त्रास सुरू होतो, बर्फाचा कणही नसताना. पेशीच्या पडद्यातली चरबी घट्ट होते, आतबाहेर जाणंयेणं बिघडतं. केळीची नवीन पानं अडकत-अडकत बाहेर पडतात, घड गळ्याशी अडकतो, पानांवर पिवळट पट्टे येतात. खानदेशात याला चरका बसला म्हणतात. अमेरिकी नकाशा झोन ११ सांगतो तो ४.४ ते १० चा. त्या मोजणीत ही सगळी इजा बसवायला जागाच नाही, कारण तो नकाशा हिवाळ्यात जमीन गोठणाऱ्यांसाठी केलेला आहे.

भारतीय हवामान खात्याची थंडीच्या लाटेची व्याख्या याहून उपयोगी, कारण ती जागेच्या नेहमीच्या तापमानाशी तुलना करते. मैदानी भागात किमान १० किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ डिग्रीने कमी, तर थंडीची लाट. त्याहून जास्त घसरण असेल तर तीव्र लाट. किमान ४ वर आलं तर सरासरी न बघताही लाट, २ वर तीव्र. किनारपट्टीला १५ पर्यंतही लाट धरता येते. रत्नागिरीच्या १५ ला निफाडमध्ये कुणी स्वेटर घालणार नाही, पण तिथल्या झाडांच्या हिशोबाने ती थंडी खरी आहे.

बातमीतला आकडा आणि तुमच्या वाफ्यातला आकडा एक नसतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवर, लाकडी पेटीत असतो. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असेल तर गवतावरचं तापमान त्याहून ३ ते ५ डिग्रीने खाली जातं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पारा ३-४ दाखवत असताना गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर हिमकण दिसतात ते म्हणूनच. गार हवा जड असते, उतारावरून खोलगटात साचते. एकाच शेतात ओढ्याकाठचा तुकडा करपतो आणि माळाचा राहतो.

द्राक्षाला फळछाटणीनंतर पारा १० च्या खाली बसला की पांढऱ्या मुळ्यांचं काम मंदावतं आणि मण्यांची फुगवण थांबते. दुपारी २८ आणि पहाटे ६ असा फरक पडू लागला तर पाणी उतरलेल्या मण्यांत पिंक बेरी (हिरवे मणी गुलाबी पडणं) आणि तडकण्याचा धोका. विहिरीचं पाणी हवेपेक्षा बरंच उबदार असतं, म्हणून पहाटे तीन-चारच्या सुमारास ठिबक सुरू करतात. ओली माती दिवसाची ऊबही जास्त धरते. बांधावर वाऱ्याच्या बाजूने ओलसर काडीकचरा पेटवून धूर करतात, पण वारा सुटला की त्याचा उपयोग उरत नाही. बोदावर (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) उसाच्या पाचटाचं आच्छादन असेल तर दुपारी बाजूला सारा. आच्छादनाखाली माती तापत नाही आणि रात्री परत द्यायला ऊब राहत नाही. केळीच्या घडाला पिशवी आणि बागेच्या उत्तरेला शेवरीचं किंवा गजराज गवताचं कुंपण.

आणि थंडी नकोशीच असते असंही नाही. गहू-हरभऱ्याला ती हवी. हापूसला मोहोर फुटायला पंधरा दिवस गार रात्री लागतात. त्या लांबल्या तर लागलेली कणी (बारीक फळं) असतानाच पुनर्मोहोर येतो आणि फळ गळतं. सफरचंदाचा हिशोब तर पूर्ण वेगळा: तिथे किती थंडी सोसतं यापेक्षा ० ते ७ डिग्रीच्या मधले किती तास मिळाले हे मोजतात. हिमाचलच्या डेलिशियस जातींना हजारावर तास लागतात, 'ॲना'ला दोन-तीनशे. महाराष्ट्रात डेलिशियसचं झाड थंडीने मरत नाही. थंडी कमी पडते म्हणून त्याच्या कळ्या उघडत नाहीत.

---

परसदार (एडिसन, न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका: गॅरेज उणे ३ च्या खाली जातं का हे आधीच कसं कळणार? आणि कढीपत्ता त्याच गॅरेजमध्ये चालेल का?

---

मातीखत (फिलाडेल्फियाजवळ)

कमाल-किमान नोंदवणारा साधा डिजिटल तापमापक घ्या, नोव्हेंबरमध्येच कुंडीच्या उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. ज्या सकाळी बाहेर उणे ५ असेल त्या दिवशी आतला किमान आकडा वाचा. आत २ निघालं तर फरक ७ चा. बाहेर उणे १६ झालं तर आत उणे ९ धरा, म्हणजे अंजिराच्या कुंडीला तेवढ्या रात्री जास्तीचं काही करावं लागेल: कुंडी थर्माकोलच्या पाटावर, भोवती जुनी गोधडी, आणि घराला लागून असलेल्या भिंतीशी. गॅरेजचं मोठं दार उघडून गाडी काढता तेव्हाही ऊब जाते, म्हणून दारापासून लांब.

कढीपत्ता तिथे नको. तो पानं राखणारा आहे, अंधारात आणि १० च्या खाली ठेवला तर आधी पानं टाकेल, मग शेंड्याकडून वाळत येईल. तसं झालंच तर खोडाला नखाने खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर हिरव्यापर्यंत छाटा, पाणी अगदी कमी करा, आणि मार्चपर्यंत कुंडी टाकून देऊ नका.